महसूल म्हणजे पीकच!



महसूल म्हटलं की आपल्याला तलाठी आणि शेतसारा आठवतो. पण शब्द मूळचा अरबी. अर्थ हाती आलेलं उत्पन्न, पीक. ‘त्यात काय हशील?’ मधला हशीलही याच घराण्यातला. म्हणजे आधी पीक, मग सारा.

हा क्रम चुकला की काय होतं? इंग्रजी अमलात प्रिंगलसाहेबानं पिकाचा अंदाज चुकीचा धरून आकारणी केली. शेतकरी जमिनी टाकून गेले. १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी फेरपाहणी करून आकार उतरवला, तीस वर्षांसाठी कायम केला. पडीक रानं पुन्हा वहिवाटीस आली.

कारखान्याचंही तेच. काहीजण गटात ऊस वाढवून नोंदवतात, लागणीची तारीख मागं ओढतात. तोडणीचा कार्यक्रम कोलमडतो आणि खरी नोंद देणाऱ्याचा ऊस फडात वाळतो. हे आम्हांला पटत नाही. आमच्या चिटबॉयनंही बांधावर जाऊनच क्षेत्र लिहावं. चूक आमची असेल तर खुशाल कान धरा.

२०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आपली आपण करता येते. ती मुदतीत करा, आणि सातबाऱ्याला लागेल तेच क्षेत्र गट ऑफिसात सांगा. नोंद खरी, तर हशील पदरात!