चाळिशी ओलांडलेल्या मोटारीची तपासणी

ऑक्सफर्डच्या दक्षिणेस, थेम्स नदीच्या काठी वसलेल्या ॲबिंग्डन या गावी 1929 पासून 1980 च्या ऑक्टोबरपर्यंत एम. जी. या नाममुद्रेच्या मोटारी तयार होत असत, आणि 1962 साली तेथून बाहेर पडू लागलेल्या एमजीबी या दोन आसनी गाडीच्या, तिच्या बंद टपाच्या भावंडासह, पाच लाखांवर प्रती जगभर गेल्या. त्यांपैकी 1967 सालची, उघड्या टपाची आणि तारांच्या चाकांची एक गाडी गेली एकोणीस वर्षे माझ्या मालकीची आहे. माझे वडील कोल्हापुरात सरकारी मोटारखान्यात फिटर होते. त्यांच्या हाताखालून अनेक वर्षे गेलेल्या ॲम्बॅसेडरचे 1489 घन सेंटिमीटरचे इंजिन आणि एमजीबीचे 1798 घन सेंटिमीटरचे इंजिन ही एकाच ‘बी-सिरीज’ घराण्यातली असल्यामुळे, नोकरीच्या निमित्ताने या परगण्यात स्थायिक झाल्यावर मी प्रथम जेव्हा या गाडीचे बॉनेट उचलले, तेव्हा परक्या देशात आपल्या आळीतला माणूस भेटावा तसे मला झाले.

अशा गाडीची मालकी म्हणजे मुख्यतः तिची चाकरी. पुढच्या चाकांच्या किंगपिनना दर तीन हजार मैलांनी ग्रीसगन लावावी लागते, दोन्ही कार्ब्युरेटरांच्या घुमटीखालच्या नळीत पातळ तेल आहे की नाही ते पाहावे लागते, आसनांच्या मागे झाकणाखाली दडवलेल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची टोके घासून स्वच्छ ठेवावी लागतात, आणि किल्ली फिरवल्यावर मागच्या बाजूला पेट्रोलपंपाची टकटक सुरू होऊन थांबते की थांबतच नाही, याकडे कान ठेवावा लागतो. या कामांत मला कधीही कंटाळा आलेला नाही. ज्या यंत्राचा प्रत्येक भाग हाताला लागतो, उकलता येतो आणि पुन्हा जागी बसवता येतो, अशा यंत्राच्या सहवासात माणसाला जी तृप्ती लाभते, ती वडिलांच्या मुद्रेवर मी लहानपणी पाहिली होती आणि प्रौढपणी मला ती स्वतः अनुभवायला मिळाली.

2019 सालच्या जून महिन्यात एका गावच्या हिरवळीवर भरलेल्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात माझ्या गाडीला तिच्या वर्गातले पहिले बक्षीस मिळाले. परीक्षकांनी क्रोमचे बंपर न्याहाळले, स्पोकांच्या मधल्या फटीत बोट फिरवून पाहिले, डॅशबोर्डावरच्या कळा मूळच्या आहेत याची खातरजमा केली आणि गडद हिरव्या रंगाची तोंडभरून स्तुती केली. गाडीखाली मात्र कोणी वाकले नाही, आणि वाकण्याची अपेक्षाही नियमावलीत नव्हती. रेशमी फीत घरी आणली त्या दिवशी मला जो आनंद झाला तो खोटा नव्हता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी गाडी तपासणीस नेली. कायद्याने मला तसे करण्याची गरज उरलेली नव्हती. ब्रिटनमध्ये वाहनांच्या सक्तीच्या तपासणीचा शिरस्ता 1960 साली, अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असताना सुरू झाला, आणि 20 मे 2018 पासून, ज्या मोटारींना चाळीस वर्षे उलटली आहेत व ज्यांच्या रचनेत गेल्या तीस वर्षांत मोठे फेरफार झालेले नाहीत, त्यांना या तपासणीतून माफी देण्यात आली. अशा गाड्या वर्षाकाठी थोडेच मैल धावतात आणि त्यांचे मालक त्यांची निगा चांगली राखतात, असा त्या माफीमागचा विचार होता. वाहनकर माफ असलेल्या या वाहनांवर तपासणीचाही बोजा नको, ही भूमिका मी समजू शकतो. पण गाडी रस्त्यास योग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याच कायद्याने मालकाच्या शिरावर कायम ठेवली आहे, आणि स्वेच्छेने तपासणी करून घेण्याची वाटही मोकळी ठेवली आहे, हे मात्र फारच थोड्यांच्या स्मरणात राहिले.

तपासनीस मध्यम वयाचा, अबोल गृहस्थ होता. गाडी वर उचलून त्याने दाराखालच्या पट्टीवर, ज्याला येथे सिल म्हणतात तिच्यावर, लहान हातोडीने मागच्या चाकाकडून पुढे ठोकत यायला सुरुवात केली. टण, टण, टण असा आवाज येत होता, आणि आसनपट्ट्याच्या बोल्टापासून वीतभर अंतरावर तो एकाएकी बद्द झाला. बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या माणसाला तो आवाज समजावून सांगावा लागत नाही. माझ्याआधीच्या कोणा मालकाने आतला कुजलेला पत्रा तसाच ठेवून त्यावर बाहेरून नवा पत्रा चढवला होता, फटींत लांबी भरली होती आणि त्यावर तो सुंदर हिरवा रंग मारला होता. आणि मी ते सारे दरवर्षी मेण लावून चकाकत ठेवत आलो होतो.

येथे या गाडीच्या घडणीविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. तिच्या आधीच्या एमजीए गाडीला स्वतंत्र चासी होती, परंतु एमजीबीचा सांगाडा एकसंध पत्र्याचा आहे, आणि टप उघडा असल्यामुळे गाडीचा मध्यभाग वाकू न देण्याचे काम बहुतांशी दोन्ही बाजूंच्या सिलवरच येऊन पडते. प्रत्येक सिल बाहेरचा, मधला आणि आतला अशा पत्र्यांनी बांधलेली असते. तीत शिरलेले पाणी, आणि हिवाळ्यात येथील रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ, आतून काम करीत राहते. ते डोळ्यांना दिसेपर्यंत निम्मे बळ निघून गेलेले असते. दुरुस्तीच्या वेळी कुजका भाग कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी दांडी वेल्ड करावी लागली, नाहीतर गाडी मधोमध खचून दार पुन्हा कधीच नीट लागले नसते. त्या कामास अकरा आठवडे लागले. कापून काढलेला पत्र्याचा एक तुकडा मी जपून ठेवला आहे. नखाने दाबला तरी त्याचे पापुद्रे सुटतात.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की, जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांत बक्षिसासाठी नाव नोंदवताना चालू वर्षाच्या तपासणीचा दाखला मागितला जावा. हिरवळ सर्वांना खुली असावी. ज्याला केवळ गाडी मांडायची आहे त्याला कोणी अडवू नये. पण ज्या गाडीला ‘उत्तम’ म्हणून जाहीरपणे गौरवायचे, ती माणसांना घेऊन रस्त्यावरून सुखरूप जाऊ शकते याची नोंद गौरव करणाऱ्याच्या दप्तरी असली पाहिजे. एमजीबीच्या बाबतीत तर दोष झाकण्याला काही सबबच उरलेली नाही, कारण सिलचा प्रत्येक पत्रा आज नवा मिळतो, आणि 1988 सालापासून तिचे संपूर्ण सांगाडेदेखील नव्याने तयार होऊन विकत मिळू लागले आहेत.

यावर माझ्या स्नेह्यांनी घेतलेले आक्षेप मी आदराने ऐकले आहेत. आजच्या तरुण तपासनिसांना किंगपिन म्हणजे काय हे ठाऊक नसते, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. म्हणूनच मी जाताना गाडीची नियमपुस्तिका बरोबर नेतो, आणि आजवर एकाही तपासनिसाने ती पाहण्यास नकार दिलेला नाही. ट्रेलरवरून येणाऱ्या व ट्रेलरवरूनच परत जाणाऱ्या गाड्यांचे काय, असाही प्रश्न निघतो. त्यांच्यासाठी वेगळा वर्ग असावा, एवढेच माझे म्हणणे आहे. मात्र प्रदर्शने भरवणाऱ्या लहान मंडळांवर कागदपत्रांचा भार वाढेल हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. ही मंडळे स्वयंसेवकांच्या कष्टांवर चालतात, आणि त्यांच्या पदरात आणखी एक खतावणी टाकताना संकोच वाटतो. तरीही एका कागदाची नक्कल पाहून यादीत खूण करणे हे, परीक्षकांनी स्पोक मोजण्यापेक्षा, अधिक कष्टाचे नाही.

भारतातही 2021 च्या जुलैपासून पन्नास वर्षांवरील वाहनांची ‘व्हीए’ अक्षरांखाली स्वतंत्र नोंदणी होऊ लागली आहे, आणि मुंबई-पुण्याकडच्या संचलनांत जुन्या गाड्या पाहायला सहकुटुंब लोटणारी गर्दी मी स्वतः पाहिली आहे. तेथील आयोजकांनीही या गोष्टीचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वडील कोणतीही गाडी साहेबांच्या दारी नेण्याआधी पोत्यावर उताणे पडून तिच्याखाली शिरत, आणि मग लॉगबुकात सही करीत. त्यांना तसा हुकूम नव्हता.

यंदाच्या मे महिन्यात मी गाडी पुन्हा तपासून आणली, आणि जूनमधल्या प्रदर्शनात तो दाखला पुढच्या काचेवर, वायपरखाली लावून ठेवला. दुपारी एक वृद्ध गृहस्थ आले. रंगाकडे त्यांनी ओझरते पाहिले, दाखल्यावरची तारीख चष्मा लावून वाचली, आणि मग काठी बाजूला ठेवून गवतावर एक गुडघा टेकला व सिलच्या खाली हात घालून ते चाचपू लागले.