हीललिगेच्या रुळांचा जाब कोणाला विचारायचा?

आनेकल तालुक्यातले हीललिगे स्टेशन होसूर-सेलम मार्गावर ड्युटी केलेल्या साथींना ठाऊक असेल. बंगळुरू उपनगरी रेल्वेची राजानुकुंटेपर्यंतची सुमारे ४७ किलोमीटरची मार्गिका येथून निघायची आहे. एकूण १४८ किलोमीटरच्या प्रकल्पाला केंद्राने २०२० साली १५,७६७ कोटी रुपयांची मंजुरी दिली. केंद्र आणि राज्य प्रत्येकी २० टक्के घालणार, उरलेले ६० टक्के कर्ज. ते देणार जर्मनीची केएफडब्ल्यू आणि युरोपीय गुंतवणूक बँक.

रेल्वे व्हावी, याबद्दल आमचे दुमत नाही. बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले येथल्या कारखान्यांतील कामगाराला तिची गरज आहे. पण कर्ज म्हटले की अटी आल्या. त्या ठरवताना आपल्याला कोणी विचारले? केएफडब्ल्यूची मालकी जर्मन सरकार आणि तिथल्या राज्यांची, त्यामुळे जर्मन संसदेतला सभासद तिच्याविषयी आपल्या मंत्र्याला प्रश्न करू शकतो. आनेकलचा आमदारही विधानसभेत प्रश्न विचारील. पण सही होण्यापूर्वी करार सभागृहात मताला टाकावा, असे बंधन आपल्या घटनेत नाही. १९९४ साली मराकेशला गॅट करारावर सही झाली तेव्हाही असेच झाले. डंकेल प्रस्तावाविरुद्ध बंगळुरात शेतकऱ्यांचे प्रचंड मेळावे झाले होते, संसदेत चर्चाही झाली होती. तरी करार स्वीकारायचा की नाही, हे मतदानाने ठरले नाही. खाउजा धोरण आपल्या दारात आले ते असे.

मग जाब विचारताच येत नाही काय? येतो, हे मुंबईने दाखवले. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेने २००२ साली कर्ज दिले. लोकल गाड्यांच्या कामांबरोबर त्यात रस्तेही होते. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात उठवल्या जाणाऱ्या कुर्ल्याच्या दुकानदारांनी आणि इतर विस्थापितांनी २००४ पासून बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. मंडळाने २००५ अखेरच्या अहवालात पुनर्वसनातील बँकेच्याच चुका दाखवल्या. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन यांचे पैसे रोखले, ते जूनअखेर पुन्हा सुरू केले. हे मंडळ काही कोणाच्या उदारपणातून आलेले नाही. सरदार सरोवराविरुद्ध मणिबेलीसारख्या गावांतील आदिवासी ठाम उभे राहिले, म्हणून १९९३ साली ते स्थापन करावे लागले. मात्र ते चौकशी करते. निर्णय बँकेच्या संचालकांचा, आणि तिथे मते भांडवलाच्या वाट्याप्रमाणे. नाणेनिधीत तर मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत. म्हणजे काय ते साथींनी ओळखावे!

टपाल खात्यातील बांधवांना दुसरी रीत माहीत आहे. १८७४ साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघात एका देशाला एकच मत. परदेशी टपालाच्या दरांवरून अमेरिकेने २०१८ मध्ये बाहेर पडण्याची धमकी दिली. तिला बरेच मिळाले हे खरे, पण २०१९ मध्ये जिनिव्हाला सर्व देशांच्या परिषदेपुढे यावे लागले. तिथे आपल्यातर्फे सरकारचे प्रतिनिधी बसतात, पोस्टमन नव्हे, ही उणीव आहेच.

कामगाराला स्वतःचे मत आहे ते आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत. प्रत्येक देशाचे दोन प्रतिनिधी सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेला ना. म. जोशी आपले कामगार प्रतिनिधी म्हणून गेले, पण त्यांना नेमले होते इंग्रज सरकारने. आपला माणूस आपण निवडू, या आग्रहातून पुढच्याच वर्षी मुंबईत आयटकची स्थापना झाली. नामदार जोशींबद्दल कोणाला आकस नव्हता. भांडण निवडीच्या हक्काचे होते.

तोच हक्क आम्ही हीललिगेत मागतो. दोन्ही कर्जकरार कन्नड भाषेत आनेकलच्या तालुका कचेरीत लोकांना पाहायला ठेवा. युरोपीय बँकेकडे तक्रार करण्याची सोय आहे, तिची माहिती कामाच्या प्रत्येक ठिकाणी फलकावर लावा. आणि या रुळांवर उद्या गँगमन आणि पॉइंट्समन कायम असतील की कंत्राटी, याचे उत्तर पहिली गाडी सुटण्याआधी के-राइड कंपनीने युनियनला लेखी द्यावे.