हद्द कुणाची, कोटा कुणाचा

खाडीपलीकडे : आंजर्लेकर

२०१४च्या मे महिन्यात युरोपातून दोन बातम्या आल्या. १ तारखेपासून हापूसला युरोपीय संघाची दारं बंद झाली आणि २५ तारखेच्या रात्री युरोपीय संसदेचे निकाल लागले. पहिल्या बातमीने आमच्या दापोली तालुक्यातल्या बागायतदारांच्या पोटात गोळा आला. दुसरीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण नऊच दिवसांपूर्वी आपल्या लोकसभेचा निकाल लागला होता आणि गावात दुसरा विषयच नव्हता.

तो दुसरा निकाल मात्र साधा नव्हता. युरोपीय संघातून बाहेर पडा, एवढ्या एका मागणीवर उभा असलेला नायजेल फराज यांचा यूकिप ब्रिटनमध्ये २४ जागा घेऊन पहिला आला. हुजूर आणि मजूर या दोघांना मागे टाकून तिसऱ्याच पक्षाने देशव्यापी निवडणूक जिंकावी, हे तिकडे शंभराहून अधिक वर्षांत घडलं नव्हतं. फ्रान्समध्ये मरीन ल पेन यांचा नॅशनल फ्रंट पहिला, डेन्मार्कमध्ये डॅनिश पीपल्स पार्टी पहिली. फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान मान्युएल वाल्स यांनी याला भूकंप म्हटलं.

तेव्हापासून असा प्रत्येक निकाल लागला की दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. एक बाजू म्हणते, लोक अडाणी आहेत, परक्यांचा द्वेष करतात. दुसरी म्हणते, जनता बोलली, आता गप्प बसा. आपल्याकडचे वाहिन्यांवरचे जाणकारही यातलीच एखादी उचलून आठवडाभर चघळतात. मला दोन्ही पटत नाहीत. दूरच्या सत्तेवर माणूस चिडतो तेव्हा त्याच्या रागाला कारण असतं, पण त्या रागाच्या धुरळ्यात जवळचा कारभारी अलगद निसटतो. हे समजायला आम्हाला ब्रसेल्सला जावं लागत नाही.

आंब्याचंच घ्या. त्या मेमध्ये इथं जे बोललं जात होतं ते फराज यांच्या भाषणांपेक्षा फार वेगळं नव्हतं. कोण कुठले हे ब्रसेल्सवाले, त्यांनी आमच्या हापूसला नाव ठेवायचं? लेस्टरचे खासदार कीथ वाझ, मूळचे गोव्याच्या घराण्यातले, तेही या बंदीविरुद्ध लंडनमध्ये आवाज उठवत होते. पण बंदीचं कारण काय होतं? २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. फळमाशी सालीखाली अंडी घालते. वरून फळ देखणं, केशरी, देठाला घमघमाट; सुरी लावली की आत वळवळ. या प्रत्येक खेपेवर माल निर्वेध असल्याचा दाखला आपल्याच सरकारी यंत्रणेने दिलेला होता. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा बाजारात होता, तो लावला किती बागांत? शिव्या ब्रसेल्सला पडल्या. दाखल्यावर डोळे मिटून शिक्का मारणाऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही, आणि सापळा न लावणाऱ्या आपल्या शेजाऱ्याचं तर नाहीच नाही. पुढे बागांची नोंदणी, तपासणी आणि ४८ अंशांच्या पाण्यात तासभर आंबा ठेवायची प्रक्रिया बसवली. बंदी डिसेंबर २०१५ पर्यंत होती. ती आंब्यापुरती जानेवारी २०१५ मध्येच उठवायचं ठरलं.

आंजर्ल्याच्या बागायतदाराला ब्रसेल्समध्ये मत नव्हतं. ज्यांना होतं त्या ब्रिटिश मतदारांपैकी जवळपास दोन तृतीयांश त्या निवडणुकीत घरीच बसले होते. भूकंप झाला तो उरलेल्यांच्या मतांवर.

आंब्यापेक्षा मासळीची गोष्ट अधिक बोलकी आहे. १५ जून २०१६, ब्रेक्झिटच्या सार्वमताला आठ दिवस उरलेले. ब्रिटिश मच्छीमारांच्या बोटींचा ताफा टेम्स नदीतून थेट पार्लमेंटपर्यंत आला. आमच्या समुद्रात फ्रेंच आणि स्पॅनिश बोटी येऊन मासळी नेतात आणि आम्ही किती मारायची ते ब्रसेल्स ठरवतं, ही तक्रार. ताफ्यात एका बोटीवर फराज. समोरून दुसऱ्या बोटीवर गायक बॉब गेल्डॉफ, हातात कर्णा. गेल्डॉफ यांनी त्या कर्ण्यातून जे सुनावलं ते खरं होतं : फराज युरोपीय संसदेच्या मत्स्यव्यवसाय समितीचे सदस्य होते आणि चाळीसहून अधिक बैठकांपैकी एकाच बैठकीला गेले होते. पण त्याच बोटीवरून गेल्डॉफ यांनी बोटांनी अचकट खुणाही केल्या. त्या फराज यांच्यासाठी असतीलही, पण मध्ये जाळी ओढून हात फाटलेले दर्यावर्दी उभे होते, त्यांनी त्या आपल्यालाच मानल्या. युरोपविरोधी मतांवरची शिष्टांची प्रतिक्रिया कशी असते हे मला कुणी विचारलं तर मी ही बोट दाखवीन. मुद्दा बिनतोड, पण मांडणारा असा की ऐकणाऱ्याने उलटंच मत द्यावं.

त्या गदारोळात एक गोष्ट बुडून गेली. ब्रिटनच्या वाट्याला किती मासळी येणार हे युरोपात ठरत होतं, पण तो वाटा कोणत्या बोटींना द्यायचा हे लंडनच ठरवत होतं. इंग्लंडच्या कोट्याचा मोठा हिस्सा परदेशी मालकीच्या बोटींकडे गेला होता, कारण कोटा विकायची मुभा होती आणि ब्रिटिश मालकांनीच तो विकला होता. लहान होडीवाल्याच्या हाती चिमूटभर उरला तो लंडनच्या धोरणामुळे. बाहेर पडल्यावर काय झालं? २०२०च्या डिसेंबरातल्या कराराने ब्रिटनच्या समुद्रातल्या युरोपीय वाट्यापैकी २५ टक्के तेवढा परत मिळाला, तोही साडेपाच वर्षांत हप्त्याहप्त्याने. आणि मे २०२५ मध्ये नव्या सरकारने युरोपीय बोटींची मुभा २०३८ पर्यंत वाढवून दिली. मच्छीमार संघटना म्हणाल्या, आमचा बळी दिला. ताफ्यातल्या किती बोटी २०३८ ला समुद्रात असतील कोण जाणे.

ही कहाणी मी हर्णैच्या एका तांडेलाला सांगितली. वादळवाऱ्यात हर्णैच्या बोटी आसऱ्याला आमच्या आंजर्ल्याच्या खाडीत येतात, तेव्हा गप्पांना वेळ असतो. त्याला ब्रसेल्स, ब्रेक्झिट यात रस नव्हता. त्याचा पहिला प्रश्न : "त्यांची हद्द किती मैलांची हो? का ते पण आमच्यासारखी वावात मोजतात?" बारा मैल, आणि काही ठिकाणी युरोपीय बोटींना सहा मैलांपर्यंत आत यायची मुभा, असं सांगितल्यावर तो हसला. "मग आमचं त्यांच्यापेक्षा बरं की. बारा मैल आपल्या सरकारचे. मुभा कोणालाच नाय नि येतात सगळेच."

'सगळे' म्हणजे कोण हे किनाऱ्यावर पोरालाही ठाऊक आहे. कर्नाटकातून येणारे मलपीचे ट्रॉलर, पर्ससीनवाले, रात्री समुद्रात दिवाळी मांडणारे एलईडीवाले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा १९८१चा आहे, पर्ससीनवर निर्बंध २०१६ मध्ये आले, एलईडीवर बंदी २०१७ मध्ये. राग काढायचा तर मलपीच्या बोटीवर काढता येतो, ती परकी आहे, डोळ्यांना दिसते. पण गस्ती नौका कुणाची, ती बंदरात का उभी, आणि एलईडीच्या बोटीत इथल्याच कोणाकोणाचा पैसा आहे, हे प्रश्न हर्णैच्या लिलावात मोठ्याने कुणी विचारत नाही. उद्या कुणी 'मलपी हटाव' एवढ्यावर पक्ष काढला तर या किनाऱ्यावर मतांचा पाऊस पडेल. आणि मग मुंबईहून कुणीतरी लिहील की कोकणातले मच्छीमार संकुचित झाले आहेत.

अशी मतं वाचायची कशी, याचा सगळ्यात चांगला धडा आपल्या शेजारी गोव्यात मिळतो आणि तो युरोपातल्या पंडितांना माहीत नाही. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष हा गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणासाठी जन्मलेला पक्ष. १९६३ मध्ये तो सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मग १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांचं सरकार आधी पायउतार झालं होतं. निकाल : विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. पक्षाचं जीवितकार्यच हरलं. महाराष्ट्रात अनेकांना तेव्हा धक्का बसला, आमच्या वडिलांच्या पिढीत तो कित्येक वर्षं बोलून दाखवला जाई. आणि दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा गोवेकरांनी त्याच पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन पुन्हा निवडून दिलं.

याला विसंगती म्हणणाऱ्याला मतदार कळलेलाच नाही. बहुजन समाजातल्या कितीतरी लोकांना भाऊसाहेब हवे होते, शाळा हव्या होत्या, कुळांना न्याय हवा होता. विलीनीकरण त्यातल्या सगळ्यांना हवं होतंच असं नाही. पक्षाला दिलेलं मत आणि पक्षाच्या मागणीला दिलेलं मत, हे दोन वेगवेगळे हिशेब त्यांनी वेगवेगळ्या वह्यांत ठेवले. ब्रिटनमध्ये उलट झालं. २०१५च्या सार्वत्रिक निवडणुकीत यूकिपला साडेबारा टक्के मतं मिळाली, जागा एकच. पुढच्या वर्षी त्याच पक्षाची मागणी ५२ टक्क्यांनी जिंकली. फरक हा की गोव्यात विलीनीकरण झालं तर काय होणार हे मतदाराला पुरतं ठाऊक होतं; ब्रिटनमध्ये बाहेर पडणं म्हणजे नेमकं काय, याचा कागदच समोर नव्हता.

तिथल्या आपल्या लोकांचं काय? सार्वमताच्या वेळी प्रीती पटेल यांच्यासारखे नेते सांगत होते की युरोपातून येणारे कमी झाले तर दक्षिण आशियातून आचारी आणता येतील, करी हाउस वाचतील. हे ऐकून 'बाहेर'ला मत देणारे भारतीय होते. बाहेर पडल्यावर युरोपीय कमी झाले, भारतीय, नायजेरियन वाढले. आता फराज यांचा नवा पक्ष रिफॉर्म त्यांच्याकडेच बोट दाखवतो. मे २०२५च्या स्थानिक निवडणुकांत या पक्षाने ६७७ जागा जिंकल्या, आणि सप्टेंबरात फराज यांनी जाहीर केलं की सत्ता आली तर कायम वास्तव्याचा परवानाच रद्द करू. पुण्या-ठाण्याची, आणि आता कोकणातलीही, जी मुलं तिकडे त्या परवान्याची वाट बघत नोकरी करतात, त्यांच्या घरी तिकडच्या निवडणुकीची बातमी आता पहिल्यासारखी परकी राहिलेली नाही.

युरोपात मात्र एक गंमत झाली आहे. ल पेन यांनी युरो आणि संघ सोडायची भाषा २०१७ नंतर गुंडाळून ठेवली. इटलीत मेलोनी सत्तेत बसल्या आणि ब्रसेल्सशी जुळवून घेऊ लागल्या. ब्रेक्झिट पाहून बाहेर पडायची हौस कुणाला उरली नाही. सगळ्यांना आत राहूनच कारभार हवा आहे. २०२४च्या युरोपीय संसदेत ल पेन आणि हंगेरीचे ओर्बान यांच्या गटाला ८४ जागा मिळाल्या, तो तिसरा मोठा गट ठरला. बाकीच्यांनी एकी करून त्यांना एकाही समितीचं अध्यक्षपद मिळू दिलं नाही. प्रतिक्रिया म्हणून हे मला अगदीच कच्चं वाटतं. बाहेर ठेवलेला माणूस पाच वर्षं दारात उभा राहून बोंब मारायला मोकळा. मी तिथं असतो तर त्यांना मत्स्यव्यवसाय समितीच दिली असती. दर डिसेंबरात कोट्यासाठी मंत्र्यांची रात्र रात्र बैठक चालते. त्याआधी स्पेनच्या, फ्रान्सच्या आणि डेन्मार्कच्या मच्छीमारांना समोरासमोर बसवून कुणाचा वाटा किती टनांनी कापायचा ते सांगा म्हणावं, आणि मग घरी जाऊन आपापल्या बंदरात मतं मागा.