गाडीच्या नाकात बोळे कोणी घातले?

परवा एका साखरपुड्यात शेजारच्या पाटावरच्या गृहस्थांनी मला गाडीची श्वसनक्रिया समजावून सांगितली. एका हातात मठ्ठ्याची वाटी, दुसऱ्या हाताने हवेत काढलेली इंजिनाची आकृती. म्हणणं थोडक्यात असं: इंजिन म्हणजे पैलवान. पैलवानाला खुराकाइतकीच हवा लागते. कंपनीवाले चार पैसे वाचवायला त्याच्या नाकात कागदाचे बोळे घालतात. ते उपटून फेकायचे, जाड चकचकीत पाइप आणि त्याच्या टोकाला लाल शंकूसारखा फिल्टर बसवायचा, की इंजिनाला थंड हवा मिळते, ताकद वाढते, शिवाय मायलेजही वाढतं. या प्रकाराचं नाव 'कोल्ड एअर इनटेक'. चिरंजीवांनी नुकताच बसवून घेतलाय म्हणे. खर्च विचारला तर म्हणाले, "हौसेला मोल नसतं." म्हणजे तो यांच्याच खिशातून गेला होता.

जिलबी आली म्हणून मी गप्प बसलो. इथे जिलबी नाही.

आधी त्या 'थंड' शब्दाकडे पाहू, कारण सगळं दुकान त्या एका शब्दावर मांडलेलं आहे. तत्त्व खरं आहे, ते मी नाकारत नाही. थंड हवा दाट असते. 40 अंशांची हवा 30 अंशांवर आली तर तिची घनता साधारण तीन टक्क्यांनी वाढते. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, म्हणजे जितकी हवा जास्त तितकं पेट्रोल जास्त जाळता येतं. इथवर गृहस्थ आणि मी एका पंगतीत. पण ही थंड हवा आणायची कुठून? पाइप म्हणजे फ्रीज नव्हे. बाहेर जी हवा आहे तीच तो आत नेणार. मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यावर पारा 44 वर असताना त्या पाइपातून महाबळेश्वर वाहत येईल अशी कोणाची समजूत असेल, तर तिला माझा नमस्कार.

आता जिच्यावर नाकात बोळे कोंबल्याचा आरोप आहे त्या कंपनीचा डबा बघा. बॉनेट उघडा, एअर क्लीनरच्या काळ्या डब्यापासून निघालेलं नळकांडं बोटाने धरून पुढे जा. बहुतेक गाड्यांत त्याचं तोंड ग्रिलच्या मागे, हेडलाइटच्या बाजूला किंवा मडगार्डच्या पोकळीत निघतं. म्हणजे ते बाहेरचीच हवा घेतं. थंड हवेची सोय कंपनीने आधीच करून ठेवली आहे. फक्त तिला क्रोमचा मुलामा दिला नाही आणि तिच्यावर स्टिकर चिकटवला नाही, हा तिचा गुन्हा.

आणि चिरंजीवांचा लाल शंकू कुठे आहे? मी वाहनतळावर जाऊन पाहून आलो. बॉनेटच्या आत, उघडा, रेडिएटरच्या पंख्यामागे. पंखा रेडिएटरमधून ओढलेली तापलेली हवा मागे फेकतो, बाजूला एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड भट्टीसारखा तापलेला, आणि हे महाशय त्यातूनच श्वास घेतात. हायवेला वारा आत खेळतो तोवर ठीक. पण पुण्यात नवले पुलापाशी गाडी अर्धा तास मुंगीच्या पावलाने सरकते, तेव्हा बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते. पैसे थंड हवेचे दिले आणि घेतली गरम हवा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारं छोटं स्कॅनर मिळतं, ते मोबाइलवर इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान दाखवतं. सिग्नलला उभं राहून एकदा जुन्या डब्याने बघा, एकदा लाल शंकूने. नंतर गृहस्थांना मी हे सुचवलं. ते म्हणाले, "अहो, फरक जाणवतो ना!" जाणवण्याला थर्मामीटर लागत नाही, हे खरंच.

'चांगल्या किटमध्ये पाइप खाली बंपरपर्यंत नेतात' असं यावर उत्तर मिळतं. नेतात, आणि तिथली हवा थंडही असते. पण तिथे पावसाळ्यात पाणीही असतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. एवढा दरवर्षी होत नाही, पण तुंबलेल्या सबवेत गुडघाभर पाणी दरवर्षी असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग हौसेचं मोल मेस्त्री सांगतो.

टर्बोच्या गाडीत तर टर्बो स्वतःच हवा तापवतो आणि इंटरकूलर तिला थंड करतो. तिथे पाइपाचं कौतुक आणखी पातळ.

ज्याच्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर आहे त्याने पाइपाचा व्यास बदलला तर सेन्सरचा हिशेब चुकतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. सुती फिल्टरला तेल जास्त लागलं तर तेच तेल सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं. वॉरंटीबद्दल मी बोलत नाही, सर्व्हिस सेंटर बोलेल.

राहिला बोळ्यांचा मुद्दा. 1.2 लिटरचं इंजिन 6000 फेऱ्यांवर मिनिटाला फार तर 3600 लिटर हवा ओढेल, कारण दोन फेऱ्यांत एकदाच पोट भरतं. कंपनीचा कागदी फिल्टर हा हिशेब धरूनच घड्या घालून बनवलेला असतो. आणि गावात तुम्ही 6000 वर जाता कधी? पेट्रोल गाडीत तुमचा पाय अर्धवट असतो तेव्हा हवा अडवतो तो थ्रॉटलचा पडदा. दार अर्धं लोटलेलं असताना खिडकीचा पडदा काढून वारा वाढेल म्हणणारे हे लोक.

याच मंडळींशी मी पूर्वी टायरमधल्या नायट्रोजनवरून वाद घातला होता. आपल्या साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन फुकट असतो, हे सांगितल्यावर समोरचा म्हणाला होता, "पण तो शुद्ध नसतो." तिथेच मी हरलो.

मायलेजचं मात्र मला आमच्याच बाजूच्या लोकांनाही ऐकवायचं आहे. फिल्टर तुंबला की मायलेज पडतं, हे कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं पाठांतर. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये फिल्टर मुद्दाम तुंबवून तपासलं: फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत इंधनाच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, कारण कॉम्प्युटर हवेप्रमाणे पेट्रोल कमी करतो. मंदावला तो पिकअप. तेव्हा पाइपवाल्यांचं मायलेज जसं हवेतलं, तसंच गॅरेजवाल्यांचंही.

मग एवढं करून हाताला लागतं काय? आवाज. कंपनीच्या डब्याला जोडलेला, फुगीर बाटलीसारखा दिसणारा भाग रिकामा वाटतो म्हणून काढून टाकतात. तो इंजिनाच्या श्वासाचा आवाज गिळायला ठेवलेला असतो. तो गेला की गाडी घोरायला लागते, आणि घोरण्याला ताकद समजणारे आपल्या घरातही असतात. रेस ट्रॅकवर, इंजिनाचं ट्यूनिंगही बदलून कोणी हे केलं तर माझी तक्रार नाही.

मी काय करतो विचाराल, तर सांगण्यासारखं फार नाही. चारपाचशे रुपयांचा कंपनीच्या मापाचा कागदी फिल्टर. मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराला, आणि ऊसतोडणीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यांवर फिरणं झालं तर त्याआधीच, नवा. आमच्या शेतावरच्या जुन्या ट्रॅक्टरला तेलाचा एअर क्लीनर होता. मळणीच्या दिवसांत वाडगं उघडलं की तळाशी चिखल बसलेला असे, आणि वडील तो चिखल बोटाने काढून मला दाखवत. तो इंजिनात गेला असता. वाळूचा कण सिलिंडरला काय करतो ते मला पुस्तकातून कळायची गरज पडली नाही.

फिल्टर बदलताना मी शेजारी उभा राहतो. डबा पुसून घ्यायचा, रबराची कड नीट बसली का बघायचं, चारही क्लिपा लागल्या का बघायचं. मागच्या खेपेला डब्यातून पिंपळाची दोन पानं आणि कबुतराचं पीस निघालं. पोऱ्याने जुना फिल्टर टायरवर दोनदा आपटला, कॉम्प्रेसरची हवा मारली, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "काका, अजून सहा महिने आरामात चालेल." नवा फिल्टर माझ्याच पिशवीत होता. तो मी काढून त्याच्या हातात दिला.