मलिदा, मनामा आणि रनबुक

सदर : संगणकाशी ओळख



या सदरात आपण संगणकाच्या जगातला एकेक शब्द घेतो आणि तो घरच्या भाषेत उलगडून बघतो. आजचा शब्द आहे 'रनबुक'. आजी-आजोबांनो, घाबरू नका. ही वस्तू तुमच्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे, फक्त तिचं हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मुलांनो, तुम्ही शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्यासाठी एक काम ठेवलं आहे.

हा शब्द मला कळला तो बहारीनमधून. माझा एक भाचा ठाण्याहून मनामाला नोकरीला गेला. बहारीन म्हणजे आखातातलं छोटंसं बेट, आपल्या लोकांना नवखं नाही. १९६५ साली तिथे दिनार आला, त्याआधी रुपयाच चालायचा. इराकमधून आलेली काही यहुदी कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यांच्यातल्याच हुदा नूनू २००८ साली बहारीनच्या राजदूत होऊन अमेरिकेला गेल्या. आणि २०२० साली बहारीनने इस्राएलशी करार केला, तेव्हा आपल्याकडे किती घरांत टीव्हीसमोर गर्दी झाली होती, आठवतं ना?

त्याच बहारीनमध्ये जुलै २०१९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने 'क्लाऊड'चं केंद्र उघडलं. मध्यपूर्वेतलं त्यांचं हे पहिलं. त्याआधीच, २०१७ साली, तिथल्या सरकारने ठरवलं होतं की सरकारी कामासाठी आधी क्लाऊडचा विचार करायचा. तेल अवीवचं केंद्र नंतर, २०२३ साली आलं. क्लाऊड म्हणजे ढग, पण ढगात काही नसतं बरं का! जमिनीवर मोठमोठ्या इमारती, त्यांत हजारो संगणक आणि त्यांना थंड ठेवणारी यंत्रं. आपण ते संगणक भाड्याने घ्यायचे, वापराल तेवढे पैसे. बहारीनचं केंद्र एकमेकांपासून दूर ठेवलेल्या तीन भागांत बांधलं, म्हणजे एक भाग बंद पडला तरी बाकीचे चालावेत.

आता भाच्याची गोष्ट. तो ज्या कचेरीत लागला तिथे रोज रात्री हिशेबाची एक प्रत काढून ठेवायची पद्धत होती. हे काम माणूस करत नव्हता. आधीच्या एका हुशार गृहस्थांनी संगणकाला सूचना लिहून ठेवल्या होत्या. अशा सूचनांच्या फाईलला 'स्क्रिप्ट' म्हणतात. नाटकाची संहिता असते ना, तशीच. त्यात साधारण असं होतं : पाच मिनिटं थांब. हिशेबाचा प्रोग्रॅम बंद कर. हिशेबाची प्रत काढ. सात दिवसांपेक्षा जुन्या प्रती पुसून टाक. प्रोग्रॅम पुन्हा सुरू कर.

त्या गृहस्थांचा व्हिसा संपला, ते घरी परतले. कचेरीने नियमाप्रमाणे हिशेबाचा पासवर्ड बदलला. चूक काहीच नव्हती. पण जुना पासवर्ड त्या स्क्रिप्टच्या पोटात लिहिलेला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं! त्या रात्रीपासून प्रत निघेना. स्क्रिप्ट मात्र वळून बघत नव्हती. प्रत निघाली नाही, तरी पुढची ओळ म्हणते जुनं पुस, म्हणून ती रोज एकेक जुनी प्रत पुसत गेली. आठ दिवसांनी कुणाच्या तरी हातून हिशेबाचं एक पान उडालं. "जुनी प्रत आणा," म्हणून बघतात, तर एकही शिल्लक नाही. मग छापील पावत्या काढून, चार माणसं बसवून, सगळं पुन्हा हाताने भरलं. भाचा म्हणाला, "मामा, तीन आठवडे मी शुक्रवार-शनिवारची सुट्टी पाहिली नाही. शब्बाथला मेणबत्ती लावायची तीसुद्धा कचेरीतून परत येऊन, उशिरा."

मी विचारलं, "अरे, मग तुम्ही पुढे काय केलंत?"

"रनबुक केलं," तो म्हणाला.

रनबुक म्हणजे कामाची पायरी-पायरीने लिहिलेली वही. प्रत्येक पायरीला नाव. तिला काय सामान लागतं ते वर लिहिलेलं. ती फसली तर काय करायचं तेही लिहिलेलं. ही वही माणसाला वाचता येते आणि संगणकालाही चालवता येते. ॲमेझॉनकडे ती 'यॅमल' नावाच्या साध्या मांडणीत लिहितात, आणि पायरीच्या आत जुनी पायथन किंवा पॉवरशेलची स्क्रिप्ट तशीच बसवता येते. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरमध्ये पॉवरशेलची फाईल आत घेतली की तिचं रनबुक होतं, पण आधी कच्चं. तपासून 'प्रकाशित' केल्याशिवाय ते रोजच्या कामाला लावत नाहीत. आपल्या अंकाची प्रुफं तपासतात तसंच म्हणा.

पण नुसती फाईल आत घेतल्याने भागत नाही. एका गठ्ठ्यातून पायऱ्या सोडवून काढाव्या लागतात. भाच्याने ते कसं केलं ते सांगतो, फार अवघड नाही.

पहिलं, स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत वाचायची आणि प्रत्येक कामाची एक वेगळी पायरी करायची. दुसरं, जिथे 'जर असं, तर तसं' आहे तिथे वाट फुटते, ती फाटा म्हणून दाखवायची. तिसरं, आत लपलेली नावं, तारखा, जागांचे पत्ते बाहेर काढून सामानाच्या यादीत लिहायचे. चौथं, पासवर्ड वहीत अजिबात लिहायचा नाही, त्याची वेगळी कुलूपबंद तिजोरी असते. पाचवं, प्रत्येक पायरीपुढे विचारायचं : "ही फसली तर?"

या पाचव्या प्रश्नाने सगळं बदललं. नव्या वहीत प्रत काढल्यावर एक पायरी वाढली : प्रत खरंच आहे का, रिकामी तर नाही ना, ते बघ. नसेल तर जुनं काही पुसू नकोस, थेट प्रोग्रॅम सुरू करण्याच्या पायरीवर जा आणि साहेबांना निरोप धाड. महिनाअखेरीला तर पुसण्याआधी वही थांबते आणि जबाबदार माणसाने 'हो' म्हटल्याशिवाय पुढे जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली हे काम संगणकच करतो ना? करतो. आजची बुद्धिमान यंत्रं स्क्रिप्ट वाचून घटकाभरात रनबुकचा मसुदा देतात. भाच्यानेही तसा घेतला. मसुदा छान होता, पण त्यात एक गंमत झाली. सुरुवातीची 'पाच मिनिटं थांब' ही ओळ यंत्राने अनावश्यक म्हणून गाळण्याची सूचना केली. भाच्यालाही ते पटलं. तरी त्याने जुन्या गृहस्थांना फोन लावला. ते हसले आणि म्हणाले, "अरे बाबा, मुहर्रकच्या दुकानातल्या शेवटच्या पावत्या पोचायला उशीर होतो. त्या यायच्या आत प्रोग्रॅम बंद केलास तर त्या हिशेबातून सुटतील!"

बघा, स्क्रिप्टमध्ये 'काय करायचं' ते सगळं होतं. 'कशासाठी' ते कुठेच नव्हतं. ते त्या माणसाच्या डोक्यात होतं. तो फोनवर मिळाला म्हणून बरं. भाच्याने ते कारण त्या पायरीखालीच लिहून ठेवलं.

हे ऐकल्यावर मला आपलं नवगाव आठवलं. आपली परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. तोंडी राहिला तो शमा. हातात राहिला तो शब्बाथ, सुंता आणि खाण्याचे नियम. तेल गाळणारे आपले लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली झाले. काय करायचं ते राहिलं होतं, पण कशासाठी हे सांगणारं पुस्तक नव्हतं. मग डेव्हिड रहाबी आले. त्यांनी बायकांसमोर मासे ठेवले, आणि बायकांनी पर आणि खवले असलेले तेवढे बाजूला काढले. रहाबींनी ओळखलं, हे आपलेच! मग त्यांनी तिघांना शिकवून काझी केलं. म्हणजे लोकांच्या हातात जे उरलं होतं, त्याला पुन्हा कारण जोडून दिलं.

आज आपल्या घरी काय चाललंय? एलियाहू हन्नाबीचा मलिदा आजीच्या हाताने होतो. पोहे किती भिजवायचे, विचाराल तर म्हणते, "अंदाजाने!" खोबरं कधी घालायचं? "वास आला की." पाच फळं कोणती, बेराखा कुठल्या फळावर आधी, हे आजोबांना ठाऊक. नातवंडं म्हणतात, व्हिडिओ काढून ठेवलाय. छान केलंत. पण व्हिडिओ म्हणजे स्क्रिप्ट. त्यात काय केलं ते दिसतं. हीच फळं का, तांदूळ का, आणि नारळ मिळाला नाही तर काय करायचं, हे व्हिडिओत दिसत नाही. ते विचारावंच लागतं, आणि वेळेत विचारावं लागतं. भाच्याच्या जुन्या साहेबांचा फोन लागला, म्हणून पावत्या वाचल्या. प्रत्येक वेळी फोन लागतोच असं नाही.

तेव्हा मुलांनो, हे तुमचं काम. या शब्बाथनंतर, मोत्साए शब्बाथला, आजी किंवा आजोबांजवळ वही घेऊन बसा. मलिद्याचं रनबुक लिहा. वर सामानाची यादी. मग एकेक पायरी. प्रत्येक पायरीखाली दोन ओळी : 'कशासाठी?' आणि 'फसलं तर?' मराठी लिहिता येत नसेल तर हिब्रूत लिहा, पण आजीचे शब्द तसेच ठेवा. मग ती वही तुमच्या धाकट्या भावंडाला द्या आणि आजीने फक्त खुर्चीवर बसून बघायचं. त्याला वही वाचून मलिदा जमला, तर तुमचं रनबुक प्रकाशित करायला हरकत नाही!

आणि आजी, तुम्हाला एकच विनंती. नातवाने 'कशासाठी' विचारलं तर "आमच्यात असंच करतात" म्हणून सोडून देऊ नका. कारण माहीत असेल ते सांगा. माहीत नसेल तर त्याच्याबरोबर शोधा.

पुढच्या अंकी नवीन शब्द घेऊन भेटू. तोवर सर्वांना शब्बाथ शालोम!