हजेरी लागली, भेट राहिली

नाताळ तोंडावर आला की दरवर्षी मला दोन-चार फोन येतात. "पत्रकारसाहेब, यंदा आपली बातमी जरा मोठी लावा." मी लावतो. चर्चची रोषणाई, कॅरलच्या फेऱ्या, पाळकसाहेबांचा संदेश, आमदारांच्या शुभेच्छा. गेली अठरा वर्षं बातमी तीच, फोटो तेवढा बदलतो. खरं सांगायचं तर माझा विश्वासही तसाच होता. मजकूर जुना, तारीख नवी.

आज त्याबद्दल लिहितोय. आमच्या काही ख्रिस्ती बांधवांना लागेल. पण सुरुवात माझ्यापासूनच करतो.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या घरात विश्वासाची ही चौथी पिढी. लहानपणी बाप्तिस्मा, मग संडेस्कूल, 'उपासना संगीत'मधली निम्मी गीतं पाठ. रविवार चुकला तर घरात चुकल्यासारखं वाटायचं. कुणी विचारलं, "तुमचा देवावर विश्वास आहे का?" तर मला हसू यायचं. म्हणलं, आमच्या पणजोबांपासून आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत चर्चच्या आवारातल्या गाळ्यांवरून वाद झाला. भाडं कुणी ठरवायचं, हिशेब कुणाकडे राहायचा. दोन गट पडले, प्रकरण धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात गेलं. माझे सख्खे चुलते, तात्या, दुसऱ्या गटात. मी बातमी केली. चार कॉलम. त्यात कागद होते, आकडे होते, आमच्या गटाचं म्हणणं होतं. तात्यांच्या गटाचं म्हणणं नव्हतं. "संपर्क होऊ शकला नाही" असं मी लिहिलं. मी फोन लावलाच नव्हता. दुसरी बाजू घ्यायची, हे पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच महिन्यात शिकवतात. मी ती घेतली नाही आणि वर खोटं लिहिलं. हे आज पहिल्यांदा जाहीर कबूल करतोय.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकाच छताखाली उपासनेला बसलो. तात्या डावीकडे, मी उजवीकडे. दोघांनी प्रभुभोजन घेतलं. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ येते, ती दोघंही मोठ्यानं म्हणायचो. एकाही रविवारी माझी जीभ अडखळली नाही. सवयीचा धर्म म्हणजे काय, ते हे.

मध्यंतरी एका अपघाताच्या बातमीवरून पहाटे घरी आलो. स्वयंपाकघरात दिवा होता, आई कुणाशी तरी बोलत होती. आधी वाटलं फोनवर आहे. आत डोकावलो तर डोळे मिटून बसलेली. "तात्याचा गुडघा लई दुखतोय म्हणं. आपरेशनला पैसे कमी पडू देऊ नको. आन आमच्या ह्याला जरा अक्कल दे बाबा, ह्याच्या लेखणीला काटे फुटलेत."

मी दारातच थांबलो. शेजारच्या माणसाशी बोलावं तशी ती देवाशी बोलत होती. आणि जिच्या दिराशी मी बोलत नव्हतो, ती त्याच्यासाठी रोज पहाटे काहीतरी मागत होती.

दुसऱ्या रात्री मीही बसलो. पाठ असलेली प्रार्थना बाजूला ठेवून स्वतःच्या शब्दांत बोलायचं ठरवलं. काहीच सुचेना. कुठल्याही विषयावर वीस मिनिटांत चारशे शब्द देणारा माणूस मी, देवापुढं एक वाक्य जमेना. चाळीस वर्षांची ओळख आणि बोलायला विषय नाही! शेवटी एवढंच म्हणलं, "ती बातमी मी चुकीची केली." तेवढ्यावरच उठलो. पण ते माझं स्वतःचं पहिलं वाक्य होतं.

तेव्हा पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, धर्मग्रंथ वाचून, वाद घालून, विचार करून त्यांनी निर्णय घेतला होता. तरी पुढं आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे लिहितात की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. ते उमगायला सुमारे आठ वर्षं गेली. रमाबाईंसारख्या बाईला आठ वर्षं लागली, तर जन्मानं ख्रिस्ती असलेल्या आपण "आपलं झालंय" असं धरून बसायचं का?

आणि त्या अनुभवानंतर रमाबाई डोळे मिटून घरात बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली-बाया त्यांनी आणल्या. केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. हिब्रू-ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणण्याचं काम त्यांनी १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत केलं. नातं खरं असलं की ते हातापायांत उतरतं.

आपले रेव्हरंड टिळक पाहा. १८९५ ला बाप्तिस्मा, नंतर मिशनमध्ये मानाची जागा. तरी १९१७ मध्ये पगार सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. रजिस्टरात नाव असण्यापेक्षा ख्रिस्तावर प्रेम असणं त्यांना मोठं वाटलं. आज आपल्या कमिट्यांची सगळी ताकद मतदार यादीत कुणाचं नाव आहे, यावर खर्च होते.

काही जण म्हणतील, मग चर्चला जायचंच कशाला, घरी बसून नातं जोडू. मला ते पटत नाही. आईनं ती भाषा त्याच बाकावर, त्याच गीतांतून शिकली. सवय वाईट नसते. सवय आपल्याला दारापर्यंत आणून सोडते. आम्ही दारात चपला काढल्या आणि तिथंच गप्पा मारत बसलो, आत गेलोच नाही, एवढंच.

नाताळची तयारी सुरू व्हायच्या आधी एका संध्याकाळी तात्यांकडे गेलो. दार काकूंनी उघडलं. मी बातमीचं बोललो, माफी मागितली. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीन वर्षं लागली व्हय रं तुला?" आणि आत बघून ओरडले, "चहा टाका."

सगळं गोड झालं असं नाही. केस चालू आहे. गाळ्यांबद्दल तात्यांचं मत मला आजही पटत नाही आणि माझं त्यांना. पण पुढची बातमी करीन तेव्हा पहिला फोन त्यांना असेल.

माझ्या ख्रिस्ती वाचकांना एवढंच विचारतो. यंदा चांदणी लावाल, कपडे घ्याल, फराळ-केक वाटाल. ते कराच. पण ज्याच्या जन्माचा सण, त्याच्याशी स्वतःच्या शब्दांत शेवटचं कधी बोललात? आणि क्षमेची ओळ म्हणताना बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, ते एकदा बघितलंत का?

इतर धर्माच्या मित्रांनो, हे तुमच्याही देवळा-मशिदीला लागू पडतं का, ते तुम्हीच ठरवा.

सलाम.