निर्माल्याचे स्थान मातीत

अनंत चतुर्दशीस गणरायाला निरोप देताना दहा दिवसांच्या दूर्वा, पत्री व हार पाण्यात सोडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. देवाला वाहिलेले पायदळी येऊ नये, ही त्यामागील भावना आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु पावसाळा सरताच कयाधूसारख्या नदीची धार क्षीण होते आणि पाणी डोहांत साचते. तेथे पाला कुजू लागला की जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. तो संपला की मासे तडफडतात, दुर्गंधी सुटते. यात देवाचा मान कोठे राहिला?

तेच निर्माल्य मातीच्या थरांत, हवा खेळती ठेवून, शेणकाला शिंपडून रचावे. ढिगाची ऊब साठ अंशांपर्यंतही चढते. दूर्वा व पाकळ्या लवकर विरतात; नारळाची शेंडी मात्र चिवट, तिच्यातील काष्ठद्रव्य फोडणे मुख्यत्वे बुरशीलाच साधते. (हारातला नायलॉनचा दोरा तिलाही पचत नाही, तो आधीच काढावा.) काही महिन्यांत त्याचे काळेभोर, मातीचा वास येणारे खत होते.

आखाडा बाळापूरच्या परिसरात भाद्रपदात हळद वाढीला लागलेली असते, आणि तिच्या कंदाला भुसभुशीत, सेंद्रिय द्रव्याने भरलेली जमीन मानवते. पूजेत देवाला वाहिली जाते तीही हळदच. गावच्या गणेश मंडळांनी विसर्जनाच्या वाटेवर, नदीच्या अलीकडेच, निर्माल्यासाठी एक खड्डा खणावा आणि पुढच्या ज्येष्ठात त्यातील खत हळदीच्या वाफ्यांत घालावे, असे आम्ही सुचवितो.